खिळ्यावरची रिंग

माझ्या सासूबाई विमानाचं तेल बदलतात. लग्न ठरलं तेव्हापासून मी हे वाक्य लोकांना सांगत आलोय आणि दर वेळी समोरचा माणूस एकदा माझ्याकडे आणि एकदा आभाळाकडे बघतो. मग विचारतो, "म्हणजे नक्की काय करतात?" मी म्हणतो, "तेल बदलतात." विमानाच्या इंजिनालाही स्कूटरसारखं तेल लागतं, ते काळं पडतं, ते काढून नवं भरावं लागतं, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. माझ्याही नव्हतं. माझी बेकरी आहे. मला पीठ, यीस्ट आणि भट्टी एवढंच कळतं.

आमच्या घरापासून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर विमानं उडवायला शिकवणारा एक क्लब आहे. गवताळ मैदान, मधे डांबराची एक धावपट्टी, तिच्या टोकाला पत्र्याची मोठी शेड. तिला सगळे हँगर म्हणतात. आत चार जण बसतील अशी छोटी, एका पंख्याची विमानं. हँगरच्या उजव्या भिंतीला लागून सासूबाईंचं लाकडी टेबल आहे. त्या टेबलावर दुसऱ्या कुणी चहाचा कप ठेवला तर तो कप परत मिळत नाही. क्लबात त्यांना लहानथोर सगळे मावशी म्हणतात, पण ते 'मावशी' जरा जपून म्हणतात. सासूबाई उंचीने बेताच्या. इंजिनापर्यंत हात पोचावा म्हणून त्या उपड्या खोक्यावर उभ्या राहतात आणि खोक्यावर चढल्या की त्या नाकावर माशी बसू देत नाहीत.

लग्नाआधी मी त्यांना पहिल्यांदा भेटायला गेलो तो तिथेच. हातात केकचा खोका, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्या विमानाच्या नाकाखाली उकिडव्या बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "खोका सावलीत ठेवा. आणि ती बादली जरा अलीकडे ओढा."

मी ओढली. त्यांनी खालची चावी फिरवली आणि वरून काळंभोर, वाफाळतं तेल बादलीत पडायला लागलं. आम्ही दोघं त्या धारेकडे बघत बसलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "गरम असतं का हो हे?"

"बोट घालून बघा," त्या म्हणाल्या.

मी खरंच घालणार होतो, इतकी माझी गाळण उडाली होती. त्यांनी माझं मनगट धरलं. "भाजेल. मग मुलीला मी काय सांगू?" हाच माझ्या सोयरिकीला मिळालेला होकार, असं बायको अजून सगळ्यांना सांगते. तेल गरम असतानाच का काढायचं, हेही मला त्या दिवशी कळलं. इंजिन आधी थोडं फिरवून घ्यायचं, म्हणजे तळाशी बसलेली घाण तेलात मिसळते आणि तेलाबरोबर बाहेर येते. थंड तेल काढलं तर घाण आतच राहते.

त्यांच्या वडिलांचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. बाकीच्या बहिणी गॅरेजकडे फिरकत नसत, या मात्र शाळा सुटली की थेट तिथेच. पुढे ट्रकच्या इंजिनांवर त्यांचा हात असा बसला की लांबलांबचे ड्रायव्हर वडिलांना सोडून "ताईला बोलवा" म्हणायला लागले. एकदा क्लबचा तेव्हाचा मेकॅनिक एक अडलेला नट सोडवून घ्यायला आला. त्यांनी नट सोडवून दिला आणि विमान बघायला म्हणून त्याच्याबरोबर गेल्या, त्या काही मनाने परत आल्याच नाहीत. लग्न झालं, मुलगी झाली, तरी त्यांनी विमानाचं इंजिन उडायला ठीक आहे अशी सही करायच्या परवान्याचा अभ्यास सुरू केला. सासरे शाळेत भूगोल शिकवायचे. संध्याकाळी ते स्वयंपाक करायचे आणि सासूबाई ओट्याशेजारी बसून इंजिनाचं पुस्तक मोठ्याने वाचायच्या. त्यामुळे सासऱ्यांना आजही पिस्टन, व्हॉल्व्ह, बेअरिंग सगळं तोंडपाठ आहे. फक्त त्यांना घरातला बल्ब बदलता येत नाही.

"ट्रक आणि विमान यात फरक काय?" असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. "ट्रकचं इंजिन बंद पडलं की ट्रक रस्त्याच्या कडेला लावता येतो," त्या म्हणाल्या. "वर कडा नसते." आणि त्या पुन्हा कामाला लागल्या. मी पावांची पिशवी घेऊन कितीतरी वेळ तिथेच उभा होतो. माझा पाव करपला तर मी तो फेकतो आणि दुसरा भाजतो. त्या दिवसापासून सासूबाईंकडे बघण्याची माझी नजरच बदलली, हे मला कबूल केलं पाहिजे.

तेल बदलताना त्यांना बघावं. बाकी सगळं कामच आहे, पण फिल्टर उघडतात तेव्हा मात्र हँगरमध्ये आपोआप शांतता होते. फिल्टर म्हणजे इंजिनाच्या पाठीमागे घट्ट बसवलेला पत्र्याचा डबा. तेल त्याच्यातून फिरतं आणि तेलातला कचरा त्याच्यात अडकतो. सासूबाई तो डबा काढतात आणि गोल फिरणाऱ्या पात्याने कापतात. करवत लावत नाहीत. करवतीचा भुगा आत पडला तर सापडलेला लोखंडाचा कण इंजिनाचा की करवतीचा, हे कळायला मार्ग उरत नाही. डब्याच्या आत चुण्या घातलेला लांबलचक कागद असतो. तो त्या खिडकीपाशी पांढऱ्या थाळीत उलगडतात, पेट्रोलने धुतात, चुण्या एकेक करून बोटाने फाकवतात आणि मग चष्मा कपाळावर चढवून डोळे इतके जवळ नेतात की नाकाला तेल लागतं. काळा कण दिसला तर ती काजळी. ती असायचीच. चमकणारा दिसला तर आत कुठेतरी धातू धातूला खातोय. एकदा असा चमकला होता. त्यांनी विमानाची किल्ली काढून पदराला बांधली आणि घरी निघून आल्या. क्लबातले लोक पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी तुटक वागत होते. इंजिन उघडलं तेव्हा एक बेअरिंग झिजून पापुद्र्यासारखं झालेलं निघालं. बाहेरून ते इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. त्या कागदावर बसलेला एवढासा ठिपका सोडला तर कुणालाही काही कळलं नसतं.

त्यांच्या कामाच्या दोन रीती आहेत. एक रबराच्या रिंगची. फिल्टर जिथे बसतो तिथे तेल गळू नये म्हणून डब्याच्या तोंडाला रबराची एक रिंग असते. जुना डबा काढला की तिने डब्याबरोबर बाहेर यायला हवं. पण कधीकधी ती गरम होऊन इंजिनालाच चिकटून राहते. काळ्या तेलाने माखलेली काळी रिंग, काळ्या जागी. डोळ्यांना दिसत नाही. तिच्यावर नवा डबा बसवला की एकावर एक दोन रिंगा होतात. जमिनीवर इंजिन चालवून बघितलं तर एखाद्या वेळी थेंबही गळत नाही. वर गेल्यावर पूर्ण जोर लावला की वरची रिंग सरकते आणि सगळं तेल बाहेर. म्हणून सासूबाई जुना डबा काढला की सगळ्यात आधी त्याच्यावरची रिंग काढून टेबलावरच्या खिळ्याला अडकवतात. खिळ्यावर रिंग असल्याशिवाय नव्या डब्याला हात लावायचा नाही. पुढच्या वेळी तेल बदलायला घेतलं की खिळ्यावरची रिंग काढून फेकायची आणि खिळा मोकळा करायचा.

दुसरी रीत माणसाची. ज्याने तेल बदललं त्याने त्या विमानाच्या पुढच्या पहिल्या उड्डाणाला आत बसायचं. हा नियम कुठे लिहिलेला नाही. सासूबाईंनीच तो स्वतःवर घालून घेतला आणि क्लबाने निमूटपणे मानला. तेल झालं की क्लबचे मुख्य शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे कॅप्टन म्हणतो, ते विमान घेतात आणि शेजारच्या खुर्चीत सासूबाई. मैदानाभोवती फेरी मारून उतरायचं, इंजिनाचं झाकण उघडून बघायचं, मग विमान दुसऱ्यांना द्यायचं. कॅप्टन थट्टेने म्हणतात, "मावशींनी माझ्यापेक्षा जास्त उड्डाणं केलीत, फक्त एकदाही दांडा धरला नाही."

आता बायकोबद्दल. आई दिवसभर विमानांच्या पोटात, त्यामुळे मुलीचं लक्ष लहानपणापासून त्यांच्या पंखांकडे. तिने नोकरी सांभाळून उड्डाण शिकायला घेतलं. अभ्यास, तपासण्या, वाऱ्यापावसात रद्द झालेले दिवस, सगळं करत ती शेवटच्या परीक्षेपर्यंत येऊन पोचली. त्या परीक्षेला बाहेरून परीक्षक येतो, शेजारी बसतो आणि तुम्ही त्याला उडवून दाखवायचं. तिसरं माणूस आत चालत नाही. ती पास झाली की वैमानिक. या एका दिवसासाठी ती वर्षभर झोपेतही कसलीतरी बटणं दाबत होती. शेजारी झोपणाऱ्याला त्याचा काय त्रास होतो ते मलाच ठाऊक.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कॅप्टन सासूबाईंना म्हणाले, "तेल परीक्षेनंतर बदललं तरी चालेल. अजून मुदत आहे."

"मुदत आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण माझी मुलगी जुन्या तेलावर परीक्षेला जाणार नाही."

त्यांचा बेत साधा होता. पहाटे तेल बदलायचं, उजाडताच कॅप्टनबरोबर फेरी मारायची, मग विमान मुलीच्या हाती द्यायचं. त्या पहाटे धुकं पडलं. मी भट्टी उरकून पावांची पिशवी घेऊन पोचलो तेव्हा हँगरच्या दारातून धावपट्टीसुद्धा दिसत नव्हती. सासूबाईंचं काम झालं होतं. नवा फिल्टर बसला होता, सैल पडू नये म्हणून तारेचा पीळ घालून आवळला होता, तेल भरून झालं होतं. विमान बाहेर उभं करून इंजिन चालवून बघितलं होतं आणि खाली थेंबही नव्हता. बायको पांढरा शर्ट घालून येरझाऱ्या घालत होती. तिला मी पाव दिला, तो तिने हातात धरून ठेवला.

परीक्षक आले. उंच, कमी बोलणारे, घड्याळाकडे बघणारे. धुकं हटेना. ते हटलं तेव्हा उन्हं वर आली होती आणि परीक्षकांना दुपारी दुसऱ्या गावी पोचायचं होतं. ते म्हणाले, "आत्ता निघालो तर जमेल. नाहीतर पुढच्या महिन्यातली तारीख घेऊ."

सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. फेरी राहिली होती. बायकोच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. सासूबाईंनी झाकण पुन्हा उघडलं, टॉर्च मारून आत बघितलं, सगळीकडे कापूस फिरवला. कापूस पांढराच राहिला. त्यांनी झाकण लावलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे तिला."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तेल बदललेलं विमान त्यांच्याशिवाय वर गेलं.

आम्ही दारात उभे राहून बघितलं. विमान धावलं, हलकं झालं, झाडांच्या वर चढलं. सासूबाई मात्र आज तिथे थांबल्या नाहीत, लगेच वळल्या आणि टेबल आवरायला लागल्या. फेरी राहिल्यामुळे त्यांना स्वस्थ उभं राहवत नव्हतं. चिंध्या गोळा केल्या, थाळी पुसली, पाने जागच्या जागी लावले. मग त्यांनी कापून वेगळं झालेलं डब्याचं तोंड उचललं आणि त्यांचा हात खिळ्याकडे गेला. सवयीने गेला, आणि तिथेच राहिला.

खिळ्यावर काही नव्हतं.

त्यांनी डब्याचं तोंड उलटं करून बघितलं. रिंगची खाच रिकामी. त्यांनी चिंध्यांची बादली उलटी केली, टेबलाखाली बघितलं. मग माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, इथे रबराची रिंग पाहिलीत का? बांगडीएवढी. काळी."

"नाही," मी म्हणालो. "शोधू का?"

त्या चालायला लागल्या होत्या. धावल्या नाहीत, पण मला त्यांच्या मागे धावावं लागलं. वायरलेस कॅप्टनच्या खोलीत असतो. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "तिला खाली बोलवा."

कॅप्टन खुर्चीतून अर्धे उठले. "काय झालं?"

"जुनी रिंग सापडत नाही. दोन बसल्या असतील."

"असतील," कॅप्टन म्हणाले. "नसतीलही. मावशी, परीक्षा चालू आहे. कचऱ्यात पडली असेल. थोडा वेळ शोधू या, मी पण येतो. रिंग चिंधीत निघाली तर पोरीची परीक्षा फुकट घालवल्यासारखं होईल."

"शोधायचं ते विमान खाली आल्यावर," सासूबाई म्हणाल्या. "फुकट गेली तर माझ्या नावावर जाऊ दे. तुम्ही बोलवा."

मी हे लिहितोय तेव्हाही तो आवाज माझ्या कानात आहे. त्यात रडू नव्हतं, घाई नव्हती. मुलीचं वर्षभराचं स्वप्न, स्वतःचं इतक्या वर्षांचं नाव, सगळं त्यांनी पणाला लावलं, आणि ते लावायला त्यांना वायरलेसपर्यंत चालत यायला लागला तेवढाच वेळ लागला. माझ्यासारख्याने आधी चार वेळा टेबलाखाली बघितलं असतं. मी बघितलंच असतं.

कॅप्टननी बटण दाबलं. विमानाचं नाव घेऊन म्हणाले, "परीक्षा थांबवा. इंजिनाचा जोर कमी ठेवून सरळ परत या. तेलाच्या काट्यावर लक्ष ठेवा." क्षणभर नुसती खरखर आली. मग बायकोचा आवाज. "समजलं. परत येतेय." का, कशासाठी, एक शब्द नाही.

आम्ही बाहेर आलो. आभाळ आता धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि त्यात काहीच नव्हतं. सासूबाई धावपट्टीच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न केला, तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. त्या ऐकत होत्या. मला वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "आहे. चालू आहे." त्यानंतर बऱ्याच वेळाने मला झाडांवर तो ठिपका दिसला.

बायकोने विमान असं अलगद उतरवलं की एरवी मी टाळ्या वाजवल्या असत्या. ते हँगरसमोर येऊन थांबलं तेव्हा त्याच्या पोटावर पुढून मागपर्यंत काळी ओली रेघ होती. सासूबाईंनी झाकण उघडलं. इंजिनाची मागची बाजू तेलाने न्हाली होती आणि फिल्टरच्या तोंडाशी रबराची एक कड जिभेसारखी बाहेर आली होती. कॅप्टननी तेल मोजायची काडी ओढून बघितली. काडी जवळजवळ कोरडी होती.

परीक्षक बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. "आम्ही आता तळ्यावर जाणार होतो," ते म्हणाले. "पूर्ण जोर लावून चढायचं होतं." तळं फार मोठं आहे, त्याला ओलांडायला वेळ लागतो, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

सासूबाईंनी फिल्टर सोडवला. दोन्ही रिंगा काढल्या, तळहातावर ठेवल्या आणि सगळ्यांना दिसेल असा हात पुढे केला. "ही माझी चूक आहे," त्या म्हणाल्या. "दर वेळी आधी रिंग काढते, मग डबा कापते. आज मला आधी आत बघायचं होतं. कागदावर काही चमकतंय का, हेच डोक्यात होतं, म्हणून डबा तसाच घेऊन कापायला बसले. तो कागद मी आज दोनदा धुतला. खिळ्याकडे बघितलं नाही." मग त्या मुलीकडे वळल्या. "तुझी परीक्षा माझ्यामुळे गेली."

एरवी त्या एवढं सलग फक्त कुणाला ओरडतानाच बोलतात. दुसरं कुणी विमान नेणार असतं तर त्यांचा हात सवयीने खिळ्याकडे गेलाच असता. आज मुलगी बसणार म्हणून त्यांनी डोळ्यांत तेल घालून काम केलं, आणि तिथेच पाऊल चुकलं.

बायकोचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळे भरलेले. परीक्षकांनी पुढच्या महिन्यातली तारीख सांगितली, सासूबाईंना मान लववून नमस्कार केला आणि ते गेले. बायको कुंपणाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मी तिच्याकडे निघालो, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या. चिडली असेल तर चिडू दे." आणि त्या पुन्हा खोक्यावर चढल्या.

सगळं पहिल्यापासून. इंजिन धुतलं, नवा डबा आणला. तो बसवायच्या आधी सासूबाईंनी हाक मारली, "इकडे ये." बायको आली. "इथे बोट फिरव. पूर्ण गोल." पांढऱ्या शर्टाच्या बाह्या न सारताच बायकोने इंजिनाच्या मागे हात घातला आणि फिल्टरच्या जागेवरून बोट फिरवलं. "काही लागतंय?" "नाही," बायको म्हणाली. "पुन्हा फिरव." तिने पुन्हा फिरवलं. मग सासूबाईंनी दोन्ही रिंगा तिच्या हातात दिल्या आणि बायकोने त्या जाऊन खिळ्याला अडकवल्या.

डबा बसला, तारेचा पीळ बसला, तेल भरलं. या वेळी इंजिन जमिनीवर पूर्ण जोराने, कानठळ्या बसेपर्यंत चालवलं. मग फेरीची वेळ आली. कॅप्टन हलक्या आवाजात म्हणाले, "मावशी, आज मी एकटाच नेतो. तुम्ही दमलाय."

"आज तर मी हवीच," सासूबाई म्हणाल्या आणि चढून आत बसल्या. पट्टा बांधला, हात मांडीवर ठेवले. विमान धावलं आणि उठलं.

बायको माझ्या शेजारी उभी होती. आई वर आणि आपण खाली, असं तिच्या बाबतीत त्या दिवशी पहिल्यांदाच घडत होतं. एरवी तेलानंतरच्या फेऱ्या ती कामावर असताना व्हायच्या. विमान वळलं आणि झाडांपलीकडे दिसेनासं झालं. बायकोने माझं मनगट पकडलं.

"तुला आवाज येतोय का?" तिने विचारलं.

"नाही."

"मलाही नाही." ती मान तिरकी करून ऐकायला लागली. तिच्या बाहीवर काळ्या तेलाचा मोठा डाग पडला होता आणि तिचं तिकडे लक्षही नव्हतं. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "मी उडायला जाते तेव्हा आई काय करते रे?"

"इथेच उभ्या असतात."

"किती वेळ?"

"तू उतरेपर्यंत," मी म्हणालो. "मी हाक मारली तरी वळत नाहीत. हात वर करून गप्प करतात."

"मला तर म्हणायची," ती म्हणाली, "काम उरलं होतं म्हणून थांबले."

मी काहीतरी बोलायला गेलो, तर तिने हात वर करून मला गप्प केलं.